एक आधी, एक मागून

१९७० च्या जुलै महिन्यात अलास्काच्या पार उत्तर टोकाला, बॅरो गावालगतच्या टुंड्रात, शास्त्रज्ञांनी एका निर्मळ तळ्यात जाणूनबुजून कच्चं तेल ओतलं. नकाशावर त्या तळ्याला नुसतं ‘ई’ म्हटलेलं होतं. दोनच वर्षांपूर्वी तिथून पूर्वेला प्रुडो बे इथे तेलाचा प्रचंड साठा सापडला होता आणि ते तेल दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत न्यायला सुमारे १,३०० किलोमीटरची नळवाहिनी टाकायचं घाटत होतं. वाहिनी फुटली, तेल सांडलं, तर या ओल्या आणि गोठलेल्या मुलखाचं काय होईल, हा प्रश्न कंपन्यांनाही पडला होता आणि सरकारलाही. उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण त्याच्या आधीचा साधा प्रश्नच सुटलेला नव्हता. या तळ्यांत राहतं तरी कोण?

त्या प्रश्नाच्या मागे लागून बारा वर्षांनी, १९८२ मध्ये, दोन चिलटांना नावं मिळाली. कायरोनोमस प्रायर आणि कायरोनोमस टार्डस. अलास्काच्या तेलाचा इतिहास लिहिणारे या नावांकडे फिरकत नाहीत. मला मात्र त्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत टिकाऊ मिळकत वाटते.

बॅरोचं आजचं अधिकृत नाव उत्कियागविक. इन्युपिअत लोकांचं हे जुनं नाव गावाने २०१६ मध्ये मतदान घेऊन परत मिळवलं. गाव ७१ अंश उत्तरेला. नोव्हेंबरच्या मध्याला मावळलेला सूर्य इथे जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत उगवत नाही आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात उगवलेला ऑगस्ट उजाडेपर्यंत मावळत नाही. ऐन जुलैतही हवेचं सरासरी तापमान चार-पाच अंशांच्या वर जात नाही. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षभरात पडणारं पाणी इतकं थोडं, की नुसता आकडा पाहणारा या जागेला वाळवंट म्हणेल. प्रत्यक्षात पाय टाकावा तिथे चिखल. हात-दीड हात खणलं की कायमची गोठलेली जमीन लागते, ती थेट शेकडो मीटर खोल गेलेली. पाणी मुरणार कुठे? पडेल तेवढं वरच साचतं.

साचतं तेही ठराविक आकारात. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने जमीन आकसून तडकते. उन्हाळ्यात त्या भेगेत बर्फ वितळल्याचं पाणी शिरतं आणि तिथेच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात भेग पुन्हा त्याच जागी. असं शेकडो वर्षं चाललं की जमिनीत बर्फाची पाचर तयार होते, आजूबाजूची माती वर ढकलली जाते आणि सगळा सपाट प्रदेश बांध घातलेल्या वाफ्यांसारखा दिसू लागतो. विमानातून पाहिलं तर पाचकोनी, षट्कोनी वाफे क्षितिजापर्यंत. त्यांच्या खोलगट मध्यभागी पाणी, कडेने पाणलव्हाळ्यासारखं गवत. खोली जेमतेम अर्धा मीटर. सप्टेंबरअखेर ही तळी वरून गोठायला लागतात आणि हिवाळ्यात तळापर्यंत, अगदी तळच्या चिखलासकट, दगड होतात. जूनच्या मध्याला सुटतात. म्हणजे पाणी पातळ असण्याचे दिवस वर्षाला शंभराच्या आसपास.

अशा तळ्यात मासा जगू शकत नाही. आणि मासा नाही म्हटल्यावर चिखलातल्या अळ्यांना मोकळं रान मिळतं. या चिखलावर राज्य आहे ते कायरोनोमिड कुळातल्या, म्हणजे न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांचं. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून ‘ब्लडवर्म’ मिळतात, त्या लालभडक अळ्या याच गोतावळ्यातल्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून रक्तातच त्याची सोय. अळी चिखलात नळीसारखं बीळ करून राहते, गाळ खाते, वाढते. मोठी झालेली चिलटं थोडेच दिवस जगतात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात आणि मरतात. आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ अळीपणात जातो. या एका गोष्टीभोवतीच पुढची सगळी कथा फिरते.

टुंड्रात कीटक गोळा करणारे बॅरोला पूर्वीही येऊन गेले होते. पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षासाठी, १८८१ ते १८८३ या काळात, अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागाने इथे तळ टाकला होता. लेफ्टनंट रे प्रमुख, जॉन मर्डॉक निसर्ग-अभ्यासक. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी ग्रीलीच्या नेतृत्वाखाली एल्समीअर बेटावर गेली होती. तिथले पंचवीसपैकी सहाच जण घरी परतले. इतिहासाने ग्रीलीची उपासमार लक्षात ठेवली आणि मर्डॉकची नोंदवही विसरली. बॅरोत कुणी उपाशी मेलं नाही, हाच मर्डॉकचा दोष म्हणायचा. त्याने पक्षी, मासे, हत्यारं, कपडे, जे दिसेल ते टिपलं आणि इन्युपिअत जीवनावरचा त्याचा १८९२ चा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो.

मग १९१३ ची कॅनडाची आर्क्टिक मोहीम. तिचं कार्लुक हे जहाज बर्फात चिरडून जानेवारी १९१४ मध्ये बुडालं आणि सगळ्या आठवणी त्या जहाजाभोवती गोळा झाल्या. पण मोहिमेच्या दक्षिण तुकडीत फ्रिट्स योहानसेन नावाचा डॅनिश निसर्ग-अभ्यासक होता. त्याने किनाऱ्यावरच्या तळ्यातळ्यांतून कीटक वेचले. त्यातल्या माश्या आणि चिलटांचा बराच भाग जॉन मॅलॉक या स्कॉटिश तज्ज्ञाकडे गेला, त्याने तो निगुतीने तपासला आणि १९१९ मध्ये अहवाल छापून आला.

त्या काळची रीत अशीच होती. एक माणूस दूरदेशी जाऊन जाळं फिरवणार, स्पिरिटच्या बाटल्या भरून आणणार. दुसरा माणूस, ज्याने ती जागा जन्मात पाहिलेली नाही, तो शहरात दिव्याखाली बसून नाव ठेवणार. ही रीत वाईट नव्हती. तिच्यावाचून आर्क्टिकच्या कीटकांची यादीच झाली नसती. पण बाटलीतल्या नमुन्यावर ठिकाण असतं, तारीख असते, आणि ती एकच तारीख असते. काल काय उडत होतं आणि परवा काय उडेल, हे बाटली सांगत नाही. प्रायर आणि टार्डस जुन्या संग्राहकांच्या जाळ्यात आले असते तरी एकच प्रजाती म्हणून एका बाटलीत गेले असते.

बॅरोला मुक्काम ठोकून काम करण्याची सोय झाली ती १९४७ मध्ये. अमेरिकी नौदलाने तिथे आर्क्टिक संशोधन प्रयोगशाळा काढली. आसपासच्या तेलसाठ्यासाठी नौदलाचं उत्खनन चालूच होतं, त्याच छावणीत शास्त्रज्ञांना जागा मिळाली. लॉरेन्स अर्व्हिंग हे पहिले वैज्ञानिक संचालक. त्यांचे सहकारी पेर शोलांडर हे मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ. गोठणं म्हणजे नक्की काय होतं, याची त्यांना विलक्षण ओढ होती. या मंडळींनी कायरोनोमिडच्या अळ्या बर्फातून काढल्या, पुन्हा गोठवल्या, पुन्हा वितळवल्या. शरीरातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ झाला तरी अळ्या मरत नव्हत्या. बर्फ वितळला की वळवळायला लागत. १९५३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. म्हणजे अळी हिवाळ्यात कुठे पळून जात नाही, तळ्याबरोबर गोठते आणि तळ्याबरोबर सुटते, हे पक्कं झालं. पण अशी गोठण्या-सुटण्याची फेरी एका अळीच्या वाट्याला किती वेळा येते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर देता आलं नसतं, कारण अळी कोणत्या प्रजातीची हेच ठरलेलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमाखाली १९७० च्या सुमारास अमेरिकेचा टुंड्रा प्रकल्प बॅरोत सुरू झाला, तेव्हा तळ्यांचं काम गोड्या पाण्याचे अभ्यासक जॉन हॉबी यांच्याकडे आलं. १९७१ ते १९७३ ही तीन वर्षं त्यांच्या पथकाने ठराविक तळ्यांचा हिशेब मांडला. सूर्याची ऊर्जा किती पडते, फॉस्फरस किती फिरतो, शेवाळ किती, गवत किती, चिखलात जीव किती. तेल ओतलेलं ई तळंही त्यात होतं. तिथे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मेले, काही कीटक नाहीसे झाले, तर चिखलात खोल राहणाऱ्या काहींवर फारसा परिणाम दिसला नाही. १९८० मध्ये हॉबींच्या संपादनाखाली या सगळ्याचं जाडजूड पुस्तक निघालं. आर्क्टिकच्या तळ्यांवर काम करणारा माणूस अजूनही तिथूनच सुरुवात करतो.

या पुस्तकातला एक खांब मात्र डळमळीत राहिला असता. तळ्याचं उत्पादन काढायचं तर अळ्यांचं नुसतं वजन पुरत नाही, त्यांची वाढ किती वेगाने होते हेही लागतं. शंभर ग्रॅम अळ्या एका वर्षात तयार होतात की पाच वर्षांत, यावर सगळा हिशेब उलटा-पालटा होतो. उष्ण पाण्यात कायरोनोमसची पिढी काही आठवड्यांत उरकते. मग बॅरोत?

मिशिगन विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी माल्कम बटलर इथे कथेत येतात. सॅम्युएल मोझ्ली यांच्याबरोबर त्यांनी तेलाचा तळ्यातल्या कीटकांवर होणारा परिणामही अभ्यासला आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९७८ मध्ये ‘आर्क्टिक’ या नियतकालिकात आला. पण बटलर यांचं स्वतःचं काम अळ्यांच्या वयाचं होतं. १९७५, १९७६ आणि १९७७ हे तीन उन्हाळे त्यासाठी खर्ची पडले.

अळीचं वय काढण्याची युक्ती सोपी आहे. काम मात्र कंटाळवाणं. कायरोनोमिडची अळी चार अवस्थांतून जाते, मधे तीनदा कात टाकते. तिचं डोकं कठीण कवचाचं असतं. शरीर फुगतं, लांबतं, पण डोक्याचं कवच एका अवस्थेत तसूभर वाढत नाही. कात टाकली की एकदम मोठं होतं. त्यामुळे डोक्याची रुंदी मोजली की अवस्था कळते. तळ्याच्या तळातून नळीने चिखलाचा गोळा काढायचा, चाळणीत धुवायचा, उरलेला गाळ पांढऱ्या ताटलीत पसरून एकेक अळी चिमट्याने उचलायची, सूक्ष्मदर्शकाखाली डोकं मोजायचं, मग वजन. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांमध्ये पुन्हा लहान-मोठे गट पडतात, ते वजनावरून ओळखायचे.

एका तळ्याच्या एका दिवसाच्या चिखलात बटलर यांना एकाच आकाराच्या नव्हे तर अनेक आकारांच्या अळ्या शेजारी शेजारी मिळाल्या. एकाच घरात तान्हं मूल, शाळकरी पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा नांदावा, तसं. आणि उन्हाळाअखेर पाहिलं तर प्रत्येक गट फक्त थोडासा पुढे सरकलेला. पुढच्या वर्षी आणखी थोडा. म्हणजे एका वर्षात पिढी संपत नव्हती, दोन-तीन वर्षांतही नाही.

आता इथे एक खोच आहे. एवढ्या गटांचा अर्थ लावायचा तर ते सगळे एकाच प्रजातीचे आहेत, ही खात्री हवी. एक प्रजाती असून सहा-सात वयोगट असणं वेगळं आणि दोन प्रजाती मिसळल्यामुळे गटांची संख्या फुगलेली दिसणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वयाचा आकडा साफ चुकतो. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातलं लेबलं चिकटवण्याचं काम, पर्यावरणाच्या खऱ्या अभ्यासाशी त्याचा संबंध नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांनी बॅरोचा हा चिखल एकदा चाळून पाहावा.

शंकेला वाव देणारी खूण तळ्याच्या पाण्यावर होती. चिलटांची अळी पूर्ण वाढली की कोष होतो, कोष तरंगत पृष्ठभागावर येतो, त्याची पाठ उलते आणि चिलट बाहेर पडून काही सेकंदांत उडून जातं. मागे राहते ती कोषाची रिकामी साल. वाऱ्याने या साली तळ्याच्या एका काठाशी येऊन साचतात आणि करड्या फेसासारख्या दिसतात. जर्मनीत ऑगस्ट थीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच या सालींचं महत्त्व दाखवून दिलं होतं. चिलट उडून गेलं तरी सालीवर त्याची ओळख उमटलेली असते: पोटाच्या खवल्यांवरची नक्षी, कडेचे केस, शेवटच्या खंडावरचे काटे. शिवाय पाण्यावर शंकूच्या आकाराचे सापळे तरंगत ठेवले की रोज किती आणि कोणती चिलटं बाहेर पडली, त्याची तारीखवार मोजणी मिळते.

आर्क्टिकमधल्या कायरोनोमिडांचं बाहेर पडणं आपल्याकडच्या पहिल्या पावसानंतर निघणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांइतकंच एकदम असतं. कॅनडातल्या हेझन सरोवरावर, ८१ अंशांच्याही वर, ह्यू डँक्स आणि डोनाल्ड ऑलिव्हर यांनी १९७२ मध्ये त्याचं कारण सांगितलं होतं. तिथल्या अनेक जातींत पूर्ण वाढून हिवाळा काढलेल्या अळ्याच उन्हाळ्याच्या आरंभी कोष करतात. उन्हाळ्यात मागाहून तयार झालेली अळी घाई करत नाही, पुढच्या वर्षापर्यंत थांबते. कारण स्पष्ट आहे. चिलटाला उडायला, जोडीदार गाठायला थोडेच बरे दिवस मिळतात; जो उशिरा निघेल त्याला कुणी सोबती भेटणार नाही.

बॅरोच्या तळ्यांवर कायरोनोमसच्या अशा दोन लाटा दिसत. आधी एक, मग काही दिवसांनी दुसरी. दोन्ही लाटांतली चिलटं साध्या डोळ्याला एकच. एका प्रजातीच्या दोन तुकड्या आहेत असं समजून कुणीही पुढे गेलं असतं.

तारीख वेगळी म्हणून प्रजाती वेगळी, एवढ्यावर भागत नाही. नाव छापून मान्य व्हायचं तर शरीरात फरक दाखवावा लागतो, नमुने कायमचे जपून ठेवावे लागतात, त्यातला एक नमुना नावाचा मूळ आधार म्हणून जाहीर करावा लागतो. चिलटाच्या बाबतीत हे काम काचपट्टीवर चालतं. नराला अल्कलीत ठेवून मांस विरघळवायचं, उरलेला पारदर्शक सांगाडा रेझिनमध्ये बसवायचा, पंख एका बाजूला, डोकं दुसऱ्या बाजूला, पोटाचं टोक वर करून. नराच्या जननेंद्रियाचे आकडे, काटे आणि पाळ्यांचा आकार हाच कायरोनोमस ओळखण्याचा मुख्य पुरावा. मिशा किती लांब, पुढच्या पायाच्या खंडांचं एकमेकांशी प्रमाण काय, पंखावर किती केस. त्यावर आणखी एक जोखीम: अळी, कोष आणि चिलट एकाच प्रजातीचे आहेत हे सिद्ध करायला अळी पाळून मोठी करावी लागते आणि तिने टाकलेली प्रत्येक कात जपावी लागते.

कायरोनोमस या घराण्याचा इतिहासही गोंधळाचाच. जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान माइगेन यांनी हे नाव १८०३ मध्ये दिलं. पण तीन वर्षं आधी त्यांनीच एक पुस्तिका काढून त्याच कीटकांना टेंडिपेस म्हटलं होतं. ती पुस्तिका विस्मरणात गेली आणि १९०८ मध्ये फ्रिडरिश हेंडेल यांनी ती उकरून काढली. मग निम्मं जग टेंडिपेस म्हणू लागलं, निम्मं कायरोनोमस. हेन्री टाउन्स यांनी १९४५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या या चिलटांवर जो ग्रंथ लिहिला तो टेंडिपेसच्याच नावाने. शेवटी १९६३ मध्ये नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने माइगेन यांची ती पुस्तिका रद्दबातल ठरवली आणि कायरोनोमस कायम झालं. शोलांडर बॅरोत अळ्या गोठवत होते, त्या वर्षांत त्या अळ्यांचं आडनाव काय, यावरही तज्ज्ञांचं एकमत नव्हतं.

त्यातून या घराण्यात जुळ्या प्रजातींची भरमार. लाळग्रंथीच्या पेशींत असलेली अवाढव्य गुणसूत्रं बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये कायरोनोमसमध्येच प्रथम पाहिली. पुढे १९५० च्या दशकात कार्ल श्ट्रेंझ्के आणि हान्स-गेओर्ग काइल यांनी त्या गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून दाखवलं, की बाहेरून एक दिसणारं चिलट आत दोन प्रजातींचं असू शकतं. तेव्हापासून कायरोनोमसवर काम करणारा प्रत्येक जण सावध असतो. दिसण्यावर विसंबायचं नाही.

बटलर यांनी काय केलं ते त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे: शरीराचं रूप आणि ऋतुमान या दोन्हींच्या आधारे सीमारेषा आखली. ‘अ‍ॅक्वॅटिक इन्सेक्ट्स’ या नियतकालिकात १९८२ मध्ये हा निबंध आला. आधीच्या लाटेला प्रायर, मागून येणाऱ्या लाटेला टार्डस. लॅटिनमधली साधी विशेषणं, पहिला आणि रेंगाळलेला. कीटकांना देवांची, राजांची, वरिष्ठांची नावं देऊन खूश करण्याची जुनी चाल आहे. त्या चालीत ही दोन नावं फारच रुक्ष वाटतात. पण पुढचा अभ्यासक तळ्याकाठी उभा राहिला तर नावावरूनच त्याला कळेल, समोर जे उडतंय त्याचा क्रम कोणता. नाव असं कामाला येणारं असावं.

हे दोघे एकाच तळ्यात, एकाच चिखलात, तोच गाळ खाऊन राहतात. एकमेकांत मिसळत नाहीत, यामागे तारखांचाही मोठा हात आहे. एकाची चिलटं मरायला टेकली की दुसऱ्याची निघतात.

त्याच १९८२ मध्ये ‘कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजी’त बटलर यांचा दुसरा निबंध आला आणि खळबळ माजली ती त्याने. दोन्ही प्रजातींचं आयुष्य सात वर्षांचं. अंड्यातून निघालेली अळी सात वर्षांनी चिलट होते. त्यातले काही दिवस सोडले तर सगळा काळ त्याच अर्धा मीटर पाण्याखालच्या चिखलात, दर हिवाळ्याला दगडासारखं गोठून. कायरोनोमिडांमध्ये इतकी लांब आयुर्मर्यादा त्यापूर्वी कुणी नोंदवलेली नव्हती. हॉबींच्या पथकाने चिखलात जो जीव मोजला होता, त्याच्या वाढीचा वेग आता नेमका सांगता येत होता आणि त्याचा आधार होती ती दोन रुक्ष नावं.

सात वर्षांचा आकडा काढायला सात वर्षं थांबावं लागलं नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. तीन उन्हाळ्यांत प्रत्येक वयोगट किती पुढे सरकला, हे एकमेकांना जोडून सगळी साखळी उभी राहिली. यासाठी दरवर्षी त्याच तळ्यांवर त्याच हंगामात हजर राहावं लागतं, एवढंच. मर्डॉक किंवा योहानसेन यांच्याकडे चिकाटी कमी नव्हती. त्यांच्याकडे त्याच तळ्याकडे पुन्हा पुन्हा येण्याची सोय नव्हती.

टुंड्रात या चिलटांची किंमत पक्ष्यांना ठाऊक असते. किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या चिखलपक्ष्यांची पिल्लं अंड्यातून निघतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं अन्न स्वतः टिपतात. त्या अन्नात चिलटांचा आणि तत्सम माश्यांचा वाटा मोठा. हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर थव्याने येणारा छोटा टिलवा युरोप-सैबेरियाच्या टुंड्रातल्या अशाच पाणथळीत वाढतो. तिथली चिलटं वेगळी असली तरी व्यवस्था तीच. पिल्लं निघण्याचा आणि चिलटं निघण्याचा मेळ जमला पाहिजे. म्हणून बटलर यांच्या नोंदवहीतल्या तारखांना आज वेगळंच मोल आलं आहे. त्या तारखा लिहिल्या गेल्या तेव्हा हवामानबदल हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. त्या लिहिल्या गेल्या दोन चिलटांमध्ये फरक करण्यासाठी.

नौदलाची प्रयोगशाळा १९८० च्या सुमारास बंद झाली. तळ्यांकडे फिरकणारे कमी झाले. जवळजवळ चार दशकांनी व्हेनेसा लाउघीड, बटलर, हॉबी आणि सहकाऱ्यांनी जुन्या नकाशावरची तीच तळी शोधून पुन्हा मापं घेतली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी पूर्वीपेक्षा उबदार, पोषकद्रव्यं जास्त, शेवाळ आणि गवत जास्त. त्यानंतर २०१५ मध्ये क्रिस्तियन आंद्रेसन आणि लाउघीड यांनी १९४८ पासूनची हवाई छायाचित्रं २०१३ पर्यंतच्या चित्रांशी ताडून पाहिली. त्या पासष्ट वर्षांत बॅरो भागातल्या त्यांनी तपासलेल्या तळ्यांचं एकूण क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी आणि तळ्यांची संख्या सुमारे १७ टक्क्यांनी घटली. कडेचं गवत आत सरकतंय, जमिनीखालचा बर्फ खचतोय, पाणी आटतंय.

सात वर्षं एका जागी राहणाऱ्या अळीला तळं बदलण्याची मुभा नसते. तळं एका उन्हाळ्यात आटलं तर तिथल्या सातही वर्षांच्या पिढ्या एकदम जातात, नुसती त्या वर्षाची नव्हे. बटलर यांनी १९७५ च्या उन्हाळ्यात पहिले नमुने घेतले, तेव्हा ज्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडत होत्या, त्यांची चिलटं उडाली १९८२ मध्ये, त्यांना नाव मिळालं त्याच वर्षी.